मागच्या पडवीचा कॅमेरा

आई आषाढात गेली आणि त्यानंतर मला काहीच वाटेनासं झालं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दात काढल्यावर डॉक्टरांच्या इंजेक्शनने गाल बधिर होतो, आपण त्याला हात लावतो आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं सगळ्याच अंगाचं झालं होतं. दवाखान्याचे कागद मी केले, मुन्सिपाल्टीतून दाखला मी आणला, तेराव्याचं जेवण मी सांगितलं, श्रीखंड कमी पडणार हे आधीच ओळखून जास्तीचं मागवलं. दादा बंगळुरूहून आला होता, तो ओट्यावर बसून ढसाढसा रडला. लोक त्याला धरत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी पत्रावळ्या मोजायला लागले.

त्या काळात मी फक्त खरेदी केली. मी भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात परचेसला आहे. पत्रा, पॉलिशचा साबण, खोकी, सुतळी, साहेबांच्या चहाची पावडर, सगळं माझ्या सहीने येतं. त्यामुळे एखादी वस्तू निवडायची असली की डोकं आपोआप चालतं आणि बाकीचं काही चालावं लागत नाही. घरचा मिक्सर बदलला, पडदे बदलले, नवऱ्याला नको असलेल्या चपला आणल्या. तो बिचारा त्या घालून फिरत होता, काही बोलत नव्हता. माझ्याशी त्या दिवसांत सगळेच जपून बोलायचे, आणि त्याचाच मला राग यायचा.

बाबा चेण्याला राहतात. मूळचे आम्ही रत्नागिरीचे. बाबा भाईंदरला कारखान्यात होते, आम्ही चाळीत वाढलो. सगळे मीरा रोडला ब्लॉकसाठी नंबर लावत होते तेव्हा बाबांनी चेण्याला, जंगलाच्या कडेला, एक तुकडा घेतला. लोकांनी वेड्यात काढलं. तिथे त्यांनी आणि आईने आधी एक खोली बांधली, मग स्वयंपाकघर, मग मागची पडवी, असं पैसे येतील तसं घर वाढवलं. मागे विहीर, केळी, एक फणस आणि कमरेएवढा दगडी गडगा. गडग्यापलीकडे जंगल. घोडबंदर रोडच्या ट्रकचा आवाज घरात रात्रभर येतो, पण मागच्या पडवीत उभं राहिलं की रस्ता आहे हे विसरायला होतं. आई गेल्यावर बाबा त्या घरात एकटेच उरले.

दिवाळी झाल्यावर शेजाऱ्यांचा कुत्रा बिबट्याने नेला. अंगणातून नेला, सुटलेली साखळी तेवढी राहिली. वनखात्याची माणसं येऊन वाडीत सगळ्यांना सांगून गेली: तिन्हीसांजेनंतर एकटं बाहेर पडू नका, खरकटं, मासळीचं काही उघड्यावर टाकू नका, त्याने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. बिबट्या चेण्याला नवीन नाही, लहान मुलालाही ठाऊक आहे. पण ही बातमी दादापर्यंत पोचली आणि त्याने बंगळुरूहून फोन केला.

"बास झालं आता. बाबांना तुझ्याकडे आण, नाहीतर मी इकडे आणतो."

"ते यायचे नाहीत."

"त्यांना विचारतोय कोण?"

बाबांना मी विचारलं. ते फणसाखाली पाला गोळा करत होते. म्हणाले, "मी हितून हलनार न्हाय. तुमाला काय लावायचं ते लावा." म्हणजे दिवे लावा, कुंपण लावा, काय ते करा, मला उचलू नका. तो शब्द दादाने धरला. म्हणाला, ठीक आहे, कॅमेरा लावू. अंधारात दिसणारा, बाहेर पावसापाण्यात टिकणारा, आपल्या दोघांच्या फोनवर चालणारा. मी रोज बघेन. सगळं ठीक दिसलं तर राहू देत तिथे. नाही दिसलं तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार, मग रडारड चालणार नाही. रडारड हा शब्द तो मला उद्देशून का बोलला ते मला कळलं नाही.

तर असं ते ठरलं. बाबा त्या घरात राहणार की नाही हे आता एका कॅमेऱ्यावर होतं, आणि तो मी निवडायचा होता. मला बरं वाटलं. म्हणजे बरं वाटलं असंही नाही, काम मिळालं.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षांच्या रांगेपलीकडे एक दुकान आहे. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर, बोलायला एकदम गोड. मी म्हटलं, "भैया, बाहर का कॅमेरा चाहिए, रात में दिखनेवाला."

"रात में तो सब दिखता है मॅडम. कैसा दिखता है, वो पूछो."

मग त्याने मला समजावलं. एक प्रकार असा की अंधार पडला की चित्र काळंपांढरं होतं. कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड माणसाला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. दुसरा प्रकार, कुणी हललं की पांढरा लख्ख दिवा लागतो आणि चित्र रंगीत येतं. "चोर के शर्ट का कलर भी दिखेगा मॅडम."

"चोर नहीं है. तेंदुआ है."

त्याने चष्मा खाली घेतला. "तेंदुआ? फिर तो कलर ही लो. ऐसी चीज ब्लॅक अँड व्हाइट में क्या देखना?"

मी हसले नाही. त्याला वाईट वाटलं असावं. मग त्याने एक मोठं खोकं घेतलं, आत पहिला कॅमेरा ठेवला, समोर स्वतःचा अर्धा प्यायलेला चहाचा ग्लास ठेवला आणि वरून झाकणं बंद केली. फोनवर मला खोक्याच्या पोटातला ग्लास दिसला, राखाडी, कडेला ओठांचा डाग स्पष्ट. मग दुसरा कॅमेरा ठेवला. ग्लास रंगीत दिसला, पण खोक्याच्या सगळ्या फटींतून पांढरा उजेड बाहेर आला.

मी त्या फटींकडे बघितलं आणि ठरवून टाकलं. बाबांच्या झोपायच्या खोलीची खिडकी मागे उघडते. मांजर गेलं, लागला दिवा. वटवाघूळ गेलं, लागला दिवा. बाबा दुसऱ्या दिवशी काठीने कॅमेरा पाडतील. शिवाय चेण्याला तारेचं इंटरनेट धड नाही आणि वीज जाते, म्हणून सिमकार्डवर चालणारा, सोबत सोलरची छोटी पाटी असलेला, असा तो घ्यायचा ठरला. पावसाळ्यात पाणी शिरतं का, वॉरंटीत माणूस घरी येतो का की डबा घेऊन आपणच यायचं, हे मी दोनदोनदा विचारलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडम, आप कोई कंपनी में परचेस में हो क्या?" मी हो म्हटलं. त्याने भावात बोलायचं सोडून दिलं.

रात्री दादाला फोन केला तर त्याला रंगीत हवा होता. सायरनवालाही.

"काळ्यापांढऱ्यात काय कळणार, बिबट्या आहे की कुत्रा?"

"बिबट्याला ठिपके असतात दादा."

"तुला सगळं मस्करी वाटतं."

मला मस्करी वाटत नव्हती. मला काहीच वाटत नव्हतं, पण हे भावाला फोनवर कसं सांगणार? मी म्हटलं, सायरन नाही, पण यात बटण दाबून आपण इथून बोलू शकतो, त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. तेवढ्यावर तो तयार झाला.

बसवायला रविवारी एक फिटर आला. शिडी लावली, वर चढला. मी खालून सांगत होते. बाबा शिडी धरून उभे होते. ते म्हणाले, "फुडं लाव, गेटाकडं."

"बाबा, जंगल मागे आहे. बिबट्या गेट उघडून येणार आहे का?"

"मागं काय हाय बघन्यासारखं? केळी हायत."

"मग केळी दिसू देत."

फिटर आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. बाबांनी आणखी एकदा गेटाचं नाव काढलं, कुणी सायकल नेली तर, वगैरे. सायकल भंगारात गेली त्याला जमाना झाला. एरवी मी विचारलं असतं, बाबा, काय आहे मागे? त्या दिवशी मला सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष मापात होतं. पडवीच्या वाशाला कॅमेरा लावून घेतला, थोडा खाली झुकवून, म्हणजे विहीर, केळी आणि गडगा एका चौकटीत बसतील. बाबा शिडी सोडून आत गेले आणि टीव्ही लावून बसले. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा नेहमीसारखं "सावकाश जा बाय" म्हणाले नाहीत.

कॅमेऱ्यात काही हललं की माझा फोन टिंग करायचा. पहिल्या दिवशी फोनने जीव घेतला. केळीचं पान हललं, टिंग. पाकोळी आली, टिंग. मी कारखान्यात पत्र्याच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करतेय आणि मांडीवर फोनमध्ये चेण्याचं मांजर विहिरीच्या कठड्यावर अंग चाटतंय. दादा तिकडून मेसेज पाठवायचा, "मांजर." मी उत्तर द्यायचे, "हो."

संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा फोन वाजला. दिवेलागण झाली होती. कॅमेऱ्याने नुकतंच चित्र काळंपांढरं केलं होतं. बाबा पडवीतून उतरून मागे चालले होते. हातात केळीचं पान. हिरवं पान त्या कॅमेऱ्यात पांढरंशुभ्र दिसतं, हे मला तेव्हा कळलं. पानावर भात होता, वर काहीतरी कालवण, कडेला दोन काड्यांसारखं. ते सुके बोंबील होते. आईला उत्तनचे सुके बोंबील फार आवडायचे, चुलीत भाजलेले. बाबांनी पान गडग्यावर ठेवलं, तांब्यातलं पाणी पानाभोवती फिरवलं, हात जोडले. मग तिथेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने वळले तेव्हा त्यांचे डोळे कॅमेऱ्यात चमकले, मांजराचे चमकतात तसे. ते मला आवडलं नाही.

ती वाडी होती. आमच्याकडे सणावाराला किंवा अमावास्येला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पानावर सगळं जेवण वाढून बाहेर ठेवतात, त्याला वाडी म्हणतात. कावळा शिवला की आपण जेवायचं. पण ती ठेवतात दुपारी आणि वर्षातून मोजक्या वेळा. रोज वाडी ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि तिन्हीसांजेला तर नाहीच, तेव्हा कुठला कावळा येणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा पान. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाबा आत गेले की आधी मांजर यायचं, मग शेजारपाजारची दोन कुत्री. पान फस्त करून, ओढून खाली पाडून निघून जायची. म्हणून बाबांना कॅमेरा गेटाकडे हवा होता, एवढं मला समजलं. समजलं आणि मी पोळ्या लाटल्या. त्या नीट फुगल्या.

दादालाही हे दिसत होतंच. त्याचा फोन आला तेव्हा तो ओरडत होता.

"बघतेयस ना तू? ते कुत्र्यांना खायला घालतायत! रोज! मासे! म्हणजे बिबट्याला पत्रिकाच पाठवली की."

"ती वाडी आहे, दादा. आईची."

त्याचा आवाज बदलला आणि तो रडायला लागला. रडतच म्हणाला, "मला काय आनंद होतोय का? पण उद्या त्यांना काही झालं तर? आई गेलीच आहे. आता हेही?" त्याचं चूक नव्हतं. वनखात्याने जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं बाबा नेमाने करत होते, तेही अंधार पडताना, एकटे, जंगलाकडे तोंड करून. दादाने पुढच्या रविवारचं तिकीट काढलं. येणार, बाबांना घेऊन जाणार. त्याचं ऐकताना माझ्या मनात एवढंच आलं की कॅमेरा परत घेतील का ते दुकानदाराला विचारलं पाहिजे.

त्याच्या आधीच्या रविवारी मी चेण्याला गेले. बाबांनी भात टाकला होता. मी डाळ केली. जेवायच्या आधी विषय काढला.

"बाबा, ती पानं कॅमेऱ्यात दिसतात."

"म्हायती हाय."

"दादा पुढच्या रविवारी येतोय. तुम्हाला न्यायला."

ते विळीवर कांदा चिरत होते. बाबांना कांदा चिरताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. जाडजाड, वेडावाकडा, पण चिरत होते. सगळा चिरून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आयशीनं कदी गरम भात खाल्ला न्हाय."

"मी खायचा, तुमी पोरं खायची, मग पावना असला तर तो. मग उरलंसुरलं घिऊन ती बसायची. भात गार, कालवन तळाचं. मी म्हनायचो, अगो, बस की आमच्याबरोबर. ती म्हनायची, तुमचं होऊ दे आधी. मी बी मग जेवायचो. मला काय, भूक लागलेली असायची कामावनं आल्यावर." कांद्याचं ताट त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "आता मी एकटाच रांधनारा न् एकटाच खानारा. मग म्हटलं, आता तरी आधी तिचं. गरम हाय तवर."

"ते कुत्री खातात बाबा."

"खाऊंदेत. ती बी कुत्र्याला घातल्याबगर कवा जेवली?"

"दुपारी ठेवा ना. सगळे दुपारी ठेवतात."

"दुपारी मी कंपनीत असायचो. ती काय जेवायची, जेवायची का न्हाय, मला काय म्हायती?"

मी बाजारात बसल्यासारखी सौदा करायला लागले, मला तेवढंच येतं. म्हटलं, बाबा, तुम्हाला हे घर हवंय ना? मग दुपारी ठेवा, बोंबील नको, आणि संध्याकाळी मागे उतरू नका. मी दादाला सांगते, तो ऐकेल. बाबांनी मान हलवली. सौदा झाला तर माल पदरात पडल्याचं थोडं समाधान असतं. ते सुद्धा वाटलं नाही. मी डाळीला फोडणी दिली. त्या दिवशी पान दुपारीच ठेवलं गेलं, कावळा लगेच आला, मग आम्ही दोघं जेवलो.

दादा म्हणाला, "दोन दिवस करतील, मग पुन्हा तेच. तिकीट काढलंय ते काढलंय."

बाबांनी मात्र शब्द पाळला. दुपारी पान दिसायचं, बोंबलाशिवाय. कुत्री जमायची बंद झाली. पण दिवेलागण झाली की फोन वाजायचाच. बाबा मागे उतरायचे. हात रिकामे. गडग्यापाशी जाऊन नुसते उभे राहायचे, पान ठेवायचे तिथे. मग आत यायचे. बहुतेक मग जेवायचे. हे बघून दादा आधीपेक्षा जास्त बिथरला. पान ठेवणं त्याला निदान समजत होतं. अंधारात रिकाम्या हाताने उभं राहणारा बाप त्याला समजत नव्हता. म्हणाला, डोकं फिरलंय त्यांचं, मी आता कुणाचं ऐकणार नाही.

शुक्रवारी मी कामावरून येऊन कुकर लावला होता. नवरा आणि मुलगी बाहेर टीव्हीसमोर. फोन पुन्हा एकदा टिंग झाला आणि त्याच क्षणी दादाचा फोनही आला.

"उघड. बघ. अर्धा तास झाला उभे आहेत. गडग्याला टेकलेत. तो पलीकडून आला तर यांना कळणार पण नाही. तू बोल त्यांच्याशी. मी बोललो तर मुद्दाम थांबतील."

मी ओट्याला टेकून फोनवर चित्र उघडलं. बाबा राखाडी, पाठमोरे, मागे केळीची पांढरी पानं. बोलायचं बटण मी तोवर कधी दाबलं नव्हतं. दाबलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "अंधार पडला. आत या आता. जेवून घ्या."

आवाज तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो. बाबांचे खांदे हलले. पण ते कॅमेऱ्याकडे वळले नाहीत. पडवीत कॅमेरा आहे, त्यातून मी बोलू शकते, हे मी त्यांना बसवताना सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं कोण जाणे. ते गडग्याकडेच बघत म्हणाले, "तू जेवलीस गो?"

मी बटण धरून राहिले. बाबांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं. आम्हाला कुणालाच नाही. आमच्या घरात जेवलात का हे बायका विचारतात.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग जेव आधी. मी जेवतो मागनं."

"बाबा..."

"तू बस. गरम हाय तवर बस. तू बसल्याबगर मी काय घास घेनार न्हाय."

ते तिथून हलेनात. मला कळेना ते कुणाशी बोलत होते. अजूनही कळलेलं नाही आणि मी त्यांना विचारणारही नाही. मी एवढंच म्हटलं, "बसते. तुम्ही आत या." तेव्हा ते वळले, सावकाश पडवी चढले आणि दार लागल्याचा आवाज मला इथे मीरा रोडला ऐकू आला.

दादाने फोन ठेवला नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "पडवीला जाळी बसवून घेऊ. मजबूत, लोखंडाची. आत उभे राहू देत, जेवढं राहायचं तेवढं. तू भाव काढ."

"आणि रविवारी?"

"येतो मी. जाळी बघायला येतो. न्यायला नाही." मग नाक ओढून म्हणाला, "तू जेव ग आता."

कुकरची वाफ अजून पुरती गेली नव्हती. मी झाकण उघडलं, स्वतःला ताट घेतलं, भात वाढला, वर आमटी, वर तूप. बाहेर जाऊन पाटावर बसले. मुलीने टीव्हीवरची नजर काढून विचारलं, "आई, तू आधी जेवतेयस?" नवऱ्याने तिला हाताने गप्प केलं. भात इतका गरम होता की बोटं भाजली. लग्न झाल्यापासून मी असा भात खाल्ला नव्हता, आणि आईने जन्मभर खाल्ला नव्हता, आणि माझ्या हे कधी ध्यानातही आलं नव्हतं. पहिला घास तोंडात घेतला आणि मला रडू फुटलं. मोठ्याने, तोंडात भात असताना, दादा ओट्यावर रडला होता तसं. मुलगी घाबरून उठली. मला माझी आई हवी होती. तिकडे बाबा थांबलेत म्हणून मी रडता रडता ताट संपवलं, हात धुतला, आणि त्यांना फोन करून सांगितलं की माझं झालं, आता तुम्ही बसा.